म्हणायचं होतं ‘तो’

डेल्फा गारिंगालाओ शिकवायला बसली की घरात पाय आपटून चालायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, मोठ्यानं खोकायचंही नाही, असा दंडक होता. घरात माणसं दोनच, डेल्फा आणि तिची म्हातारी आई. त्यामुळे दंडक होता तो एकट्या आईसाठी, आणि आई तो जमेल तेवढाच पाळायची.

“स्वतःच्या घरात चोरासारखं चालायला लावतेय पोरगी,” तिची आई, नानाय सोलिंग, शेजाऱ्यांना सांगायची. “आत बघावं तर भिंतीशी बोलत बसलेली असते, आणि वर नाचतेसुद्धा!”

नाचत होती हे खरंच. झोपायच्या खोलीचा एक कोपरा प्लायवूडनं वेगळा केलेला. खुर्चीच्या मागे इंद्रधनुष्य आणि ढग छापलेला पडदा, पडद्यामागे ओलीनं काळी पडलेली भिंत. कमरेच्या वर शाळेचा नारिंगी टी-शर्ट, कमरेच्या खाली विटलेली अर्धी चड्डी आणि रबरी चपला. कॅमेऱ्याला दिसेल तेवढ्यापुरती डेल्फा आनंदी असायची. ‘उडी’ शब्द शिकवताना बसल्या जागी उडी घ्यायची, ‘हत्ती’ शिकवताना हाताची सोंड करायची. नियमच तसा होता. शिक्षिकेनं तासभर हसलं पाहिजे. तिचे काका वारले त्या दुपारीही ती हसली होती, कारण ऐन वेळी तास रद्द केला की पुढचे कितीतरी तास हातचे जायचे.

आपल्या गिंबाल गावातल्या चर्चच्या शाळेत तिनं ऐन उमेदीची वर्षं काढली होती. महासाथीत मुलं गळत गेली, नन्स इलोइलो शहरात परतल्या, शाळेला कुलूप लागलं. चाळिशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार? मग ही ऑनलाइन शाळा मिळाली. मुख्य कचेरी परदेशात, शाखा इलोइलोला, आणि विद्यार्थी तैवानात आणि कोरियात. ‘डेल्फा’ मुलांच्या जिभेला जड जायचं म्हणून शाळेनं तिचं नाव ‘टीचर डेला’ करून टाकलं.

तास संपला की आईबाप तारे द्यायचे. पाच तारे मिळाले की पोट भरलं. तीन मिळाले की पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात भोकं पडायची आणि का पडली ते कुणी सांगायचं नाही. शेजारच्या तियो बेर्तोचे झुंजीचे कोंबडे होते. एका कोरियन आईनं त्यांच्या आरवण्याची तक्रार केली तेव्हा नानाय कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

“बेर्तो, तुझ्या त्या कोंबड्यांना सांग, माझ्या पोरीच्या तासाला चोच बंद ठेवा म्हणावं.”

“तू तुझ्या पोरीला सांग, मानांग, त्यांनाही इंग्रजी शिकव म्हणावं. मग जरा अदबीनं आरवतील.”

“आधी तुलाच अदब शिकव म्हणून सांगते तिला!”

डेल्फानं कानावर हेडफोन असूनही दोघांचं ऐकलं आणि पडद्यावरच्या मुलासमोर हत्तीची सोंड हलवत राहिली.

तिचं इंग्रजी चांगलं होतं. नन्सनी घोटून घेतलेलं, कागदावर तर चूक शोधून सापडायची नाही. पण एक खोड होती आणि ती तिची एकटीची नव्हती, अख्ख्या गावाची होती. त्यांच्या हिलिगायनोन भाषेत तो आणि ती असे दोन शब्दच नाहीत. ‘सिया’ एवढाच एक. भाऊ आला तरी सिया जेवला, बहीण आली तरी सिया जेवली. इंग्रजीत मात्र बाप्याला वेगळा शब्द, बाईला वेगळा. लिहिताना डेल्फाचं बरोबर यायचं. रागाच्या भरात किंवा घाबरलेली असताना जीभ समोर येईल तो शब्द उचलायची. शाळेत सिस्टर इमाकुलाता कपाळाला हात लावायच्या. “या मुली व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवतात आणि वर्गाबाहेर पडल्या की आपल्या बापाची बाई करतात!” एकदा फिएस्टाला, गावच्या जत्रेला, बाहेरचे पाहुणे आले म्हणून पाद्रीबाबांनी इंग्रजीत प्रवचन केलं आणि संत जोसेफना शेवटपर्यंत ‘ती’ म्हटलं. गावात कुणी हसलं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नाही.

डेल्फाच्या दुपारच्या तासाला पीच नावाची मुलगी असायची. तैवानची, आठ वर्षांची. तिकडे मुलं इंग्रजीच्या शाळेसाठी वेगळं नाव घेतात, कुणी फळाचं, कुणी वाराचं. पीच हुशार होती पण बोलायला चाचरायची. उत्तर देण्याआधी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला बघायची. तिथे तिचे वडील बसलेले असत. डेल्फाला त्यांचं फक्त कोपर दिसायचं आणि चहाचा पेला. कोपर हललं की पीच घाईघाईनं उत्तर द्यायची आणि घाईत चुकायची. चुकली की तिचे खांदे वर जायचे, कानांपर्यंत. आई दुसऱ्या शहरात नोकरीला होती, सुट्टीला घरी यायची. हे डेल्फाला ‘माझं कुटुंब’ या धड्यात कळलं होतं. त्यापलीकडे विचारायला शाळेची परवानगी नव्हती.

एक दिवस तास चालू असताना दारावरची घंटा वाजली आणि कोपर उठून गेलं. पीचनं आधी आपला माइक बंद केला. डेल्फाला वाटलं, चुकून झाला. मग मुलीनं बाही वर सारली. दंडावर वळ होते, काही जुने पिवळे पडलेले, काही ताजे. पडद्यावरच्या फळ्यावर, ज्यावर एरवी ती सफरचंदं काढायची, तिनं बोटानं एक मोठं माणूस काढलं, हात उगारलेलं, आणि एक लहान. रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. आवाज न करता ओठ हलवले : डॅडी. मग बाजूला तिसरं माणूस काढलं, हातात फोन असलेलं. ओठ हलले : मम्मी. मम्मीला सांग. दोन्ही हात जोडून तिनं ते पुन्हा म्हटलं, आवाज नसलेलं. पावलं वाजली असावीत. फळा पुसला गेला, बाही खाली आली, माइक सुरू झाला.

“गाय काय खाते, पीच?” डेल्फानं विचारलं. तिच्या स्वतःच्या कानाला तो आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“गाय गवत खाते, टीचर.”

जेवताना तिनं नानायला सांगितलं. तुरीचे दाणे आणि फणस घालून केलेलं डुकराचं कालवण समोर निवत होतं.

“दुसऱ्याच्या घरातलं आहे, इंडाय,” नानाय लेकीला म्हणाली. “आणि घर समुद्रापलीकडे. तू काय करणार?”

“तिनं मला सांगितलंय, नानाय. जगात दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून मला सांगितलं.”

“नियमात बसतं का?”

“नाही बसत. घरगुती गोष्टीत पडायचं नाही, असं कागदावर सही करून दिलंय.”

नानायनं तिच्या पानात भात वाढला. “मग सांगून टाक. नाही सांगितलंस तर जेवायची नाहीस, मला माहितीये. नोकरी गेली तर बेर्तोचे कोंबडे न्हाऊ घालू दोघी.”

शाखेतला तिचा वरिष्ठ म्हणजे सर रेनान, तिच्याहून वयानं बराच लहान, इलोइलोचाच. एरवी दोघं आपल्या भाषेत बोलायचे. पण तक्रारीचा फोन ध्वनिमुद्रित व्हायचा, आणि त्या फोनवर इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असा मुख्य कचेरीचा हुकूम होता. शिवाय तक्रारीत आई, वडील असं म्हणायची बंदी. कुणाच्या खाजगी आयुष्याला धक्का नको, म्हणून घरातलं कुठलंही मोठं माणूस म्हणजे ‘गार्डियन’. डेल्फा घाबरली होती. काय बोलायचं ते तिनं मनात दोनदा घोकलं होतं, आपल्या भाषेत.

“सर, गार्डियन, ती या मुलीला मारते,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी स्वतः वळ पाहिलेत. तासाला ती शेजारीच बसते, म्हणून मुलीला बोलता येत नाही. दुसऱ्या पालकाला यातलं काही ठाऊक नाही. कृपा करून त्याला कळवा. त्यालाच कळवा, सर, आणि लवकर.”

“नोंद झाली, मॅम. मुख्य कचेरीकडे पाठवतो. आपण काळजी दाखवलीत, आभार.”

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाऊन तिनं मेणबत्ती लावली आणि समोरच्या दुकानात नानायला गरम शेवयांचं बातचोय खाऊ घातलं. पीचचे पुढचे दोन तास रद्द झाले तेव्हा तिला बरंच वाटलं. आई आली असेल, तिला घेऊन गेली असेल.

मग रेनानचा साध्या फोनवर फोन आला, आपल्या भाषेत.

“मॅम, तोंड गोड करा! मुख्य कचेरी तुमच्यावर जाम खूश आहे. त्या मुलीचे वडील तर म्हणे फोनवर रडायलाच लागले. टीचरनं माझ्या मुलीला वाचवलं, म्हणाले.”

“कुणाचे वडील? वडिलांना कशाला फोन केलात?”

“म्हणजे? तुम्हीच सांगितलंत ना, आई मारते, बापाला माहीत नाही, त्याला कळवा.”

“मी असं कधी म्हटलं!”

“मॅम, ध्वनिमुद्रण आहे. ऐकवू?”

त्यानं ऐकवलं. आवाज तिचाच होता. ठसठशीत, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारलेला, नन्सनी शिकवलेला आवाज. ती मारते. ती शेजारी बसते. त्याला कळवा. त्यालाच कळवा.

“तो म्हणायचं होतं,” डेल्फा म्हणाली. “मला ‘तो’ म्हणायचं होतं, सर. बाप मारतो. आत्ताच्या आत्ता मुख्य कचेरीला फोन करा.”

“आता फोन करून काय सांगू, मॅम? आमच्या इंग्रजीच्या बाईंना तो आणि ती यातला फरक कळत नाही? इंग्रजी शिकवणारी शाळा आहे ही!”

“मुलगी मार खातेय, रेनान. त्या दिवशीचा तास बघा. तिनं चित्र काढलंय.”

“बघितला. मुख्य कचेरीनंही बघितला. माइक बंद आहे. चित्रात एक मोठं माणूस, एक छोटं माणूस आणि एक फोनवालं. मोठं माणूस बाई की बाप्या, कसं ओळखायचं? काड्यांची माणसं ती.”

“आणि तू? तू आपल्यातलाच, इलोंगो ना रे? तुझी आई इंग्रजी बोलायला लागली की घरातल्या बाप्यांचं काय करते? माझं ऐकून तुला जरासुद्धा शंका आली नाही?”

“आली होती,” रेनान हळू आवाजात म्हणाला. “थोडीशी. पण म्हटलं, मॅम डेल्फा आहेत. बाकीच्यांचं चुकेल, त्यांचं नाही चुकायचं.”

मग तो पुन्हा कामाच्या आवाजात म्हणाला, “उद्या तिचा तास आहे. वडिलांनी मुद्दाम तुम्हालाच मागितलंय. नेहमीसारखा घ्या. हसत. तो विषय काढायचा नाही. काढलात तर मी काही करू शकणार नाही, मॅम. माझ्याही घरी माणसं आहेत.”

दुसऱ्या दिवशी पडदा उघडला तेव्हा वडील पहिल्यांदाच चौकटीच्या आत बसलेले होते. नीटनेटके, चष्मा लावलेले, मऊ बोलणारे. पीच त्यांच्या शेजारी, लांब बाह्यांच्या स्वेटरमध्ये.

“टीचर डेला, तुमचे उपकार कसे फेडू,” ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. “पीचची आई आता या घरात पाऊल ठेवणार नाही. वकील बघतायत. शाळेनं सगळं सांगितलंय मला, पण सांगोवांगीला कोर्टात किती किंमत? हा तास ध्वनिमुद्रित होतो ना? मग तुमच्या तोंडून एकदाच सांगा. माझ्या मुलीला कोण मारतं?”

पीच टेबलाकडे बघत होती.

मला काही ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नोकरी राहिली असती. पीच रोज दुपारी समोर आली असती; निदान जिवंत आहे, बोलते आहे, एवढं तरी दिसलं असतं. आणि तिकडे कुठल्यातरी शहरात एक बाई, जिला लेकीच्या दंडावरचे वळ माहीतही नव्हते, तीच ते वळ उठवणारी ठरली असती. डेल्फाच्या शब्दावर.

डेल्फा नव्या मुलाला पहिला धडा द्यावा तशी एकेक शब्द सुटा करून बोलली.

“माझी चूक झाली. मी ‘ती’ म्हटलं, ते चुकीचं होतं. तो मारतो. ती नाही. पीचचे डॅडी मारतात.”

तिला वाटलं होतं, ते ओरडतील, पडदा बंद करतील. त्यांनी काहीच केलं नाही. पीचच्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच.

“पीच, बेटा, टीचरचं बरोबर आहे?”

मुलीनं वर पाहिलं. डेल्फाकडे पाहिलं, थेट. त्या नजरेत राग होता की भीती की आणखी काही, ते डेल्फाला त्या वेळीही कळलं नाही आणि नंतरही नाही.

“नाही, टीचर,” पीच म्हणाली. “ती मारते. मम्मी मारते. डॅडी मारत नाहीत.”

एकही चूक नव्हती. इतकी शुद्ध वाक्यं पीचनं आजवर कधी उच्चारली नव्हती.

“शाब्बास,” वडील म्हणाले. “झालं, टीचर. एवढंच हवं होतं.”

पडदा काळा झाला आणि थोड्या वेळानं तासाखाली पाच तारे उमटले.

लगेच पुढचा तास होता. दात पडलेला एक कोरियन मुलगा हात हलवत आला, “हॅलो, टीचर!” डेल्फा हसली. सोंड हलवली. मुलगा खदखदून हसला. कुंपणापलीकडे कोंबडा आरवला, त्यालाही तो हसला.

बाहेर आल्यावर नानायनं विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मग? ऐकून घेतलं त्यांनी?”

“घेतलं, नानाय. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं.”

शाळेनं तिचं खातं बंद केलं. कारणाच्या जागी ‘सर्वनामांच्या वारंवार चुका’ असं होतं. पुन्हा प्रशिक्षण घेऊन अर्ज करता येईल, असंही लिहिलं होतं. रेनाननं फोन उचलणं सोडून दिलं. नानाय तारे आणि शाळा या दोन्हींच्या नावानं बोटं मोडत होती. सोमवारी डेल्फानं चर्चच्या शाळेत शिकवायला जाताना घालायची तो जुना निळा झगा घातला आणि गावातल्या पोलीस ठाण्यात गेली.

हवालदार तिच्या हाताखालून गेलेला नव्हता, पण त्याची बहीण गेली होती. त्यानं तिला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला आणि सगळं सांगायला सांगितलं. ती आपल्या भाषेत बोलत होती. पहिल्याच वाक्याला त्यानं हात वर केला.

“थांबा हं, मॅम. मारणारं माणूस बाप्या की बाई?”

“बाप्या,” डेल्फा म्हणाली. आणि तिचा आवाज फुटला, कारण एवढ्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता.

त्यानं ते लिहून घेतलं. तिला पाणी आणून दिलं.

“मुलीचं नाव?”

“पीच.”

“पीच म्हणजे? फळ?”

“शाळेसाठी घेतलेलं नाव आहे. खरं नाव आम्हाला सांगत नाहीत.”

“आडनाव?”

डेल्फानं मान हलवली.

“बापाचं नाव? आईचं? कुठलं शहर?”

तिला त्यांच्या चहाच्या पेल्यावरची निळी रेघ आठवत होती. पीचच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, त्यावरचं मासोळीचं चित्र, पेन्सिलीचं टोक चघळायची तिची सवय, अगदी कुठल्या शब्दाला तिची जीभ अडखळायची तेसुद्धा. हे सगळं तिनं सांगितलं. हवालदारानं त्यातलं काहीच लिहिलं नाही, कारण तक्रारीच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

“शाळेला विचारता येईल,” ती म्हणाली. “त्यांच्याकडे सगळं असतं.”

“विचारतो, मॅम. पण कचेरी परदेशात. ते म्हणणार, मुलीनं स्वतःच आईचं नाव घेतलंय. आणि तुम्ही…” तो थांबला. चांगल्या घरातला मुलगा होता, वाक्य पुरं केलं नाही.

“मी आधी ‘ती’ म्हटलं होतं,” डेल्फानंच ते पुरं केलं.

बाहेर बाकावर दोन माणसं आपली पाळी यायची वाट बघत होती; कुणाची तरी सायकल चोरीला गेली होती. हवालदारानं कागद सरळ केला, पेन खिशाला लावलं.

“खरं नाव मिळालं की या, मॅम. मग मी स्वतः बघेन.”

डेल्फा उठली नाही.